काट्याचे सहा दिवस : एका घरातल्या शिस्तीचा प्रकरण अभ्यास

मे 2025. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी सगळे जमले होते. दुपारच्या पंगतीत दादाच्या नातवानं, वय वर्षं 7, अर्धी भाकरी तशीच ठेवून ताट पुढं सरकवलं. दादा म्हणाला, "आमचे आबा असते तर ही भाकरी दिवेलागणीपर्यंत तुझ्यापुढंच राहिली असती." मग बोलता बोलता आमच्या धाकट्या भावाच्या पायातल्या काट्याची गोष्ट निघाली. ही आमच्या घरातली हसायची गोष्ट आहे. धाकटा गुपचूप नदीवर गेला, पायात काटा रुतला, आबांच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या, भीतीनं दोन दिवस एका पायावर फिरला, आणि कोणी विचारलं तर म्हणायचा, "लंगडी खेळतोय." सगळे हसले. शेवटी दादानं त्याचं नेहमीचं वाक्य टाकलं, "त्या धाकानंच आपण माणसात आलो."

धाकटा उठला आणि अर्धं जेवण टाकून ताट मोरीत ठेवून आला. तो 56 वर्षांचा आहे. आमच्या घरात पंगत संपायच्या आत कोणी उठत नाही. आबांना जाऊन 34 वर्षं झाली, तरी अजून कोणी उठत नाही.

मी या दोघांच्या मधली. जिल्हा परिषदेच्या शाळेत 36 वर्षं शिकवलं. त्या दिवशी मला वाटलं, आपण चौघंपाचजणं एकच गोष्ट आठवतोय असं धरून चाललोय, पण तसं नसावं. पुढच्या पाच महिन्यांत मी आई, आत्या, दादा आणि धाकटा यांना वेगवेगळं गाठलं, सगळ्यांना तेच प्रश्न विचारले आणि उत्तरं वहीत उतरवली. एकाचं उत्तर दुसऱ्याला सांगितलं नाही. सगळ्यांच्या संमतीनं, पण नावांशिवाय, ते इथं मांडते आहे.

घर आणि घराचे नियम

अण्णा, म्हणजे आमचे वडील, मुंबईत गिरणीत होते. सातारा जिल्ह्यातल्या हजारो घरांसारखंच आमचं घर मनिऑर्डरीवर चालायचं. अण्णा गणपतीला आणि मे महिन्यात आठ-दहा दिवस यायचे. जानेवारी 1982 मध्ये गिरणी संप सुरू झाला, तेव्हा ते कायमचे परत आले. तोवर आम्ही मोठे झालो होतो. मुलांना वळण लावण्याचं काम आबा-आजीकडं होतं आणि आई त्या घरात सून होती. हा मुद्दा पुढं फार महत्त्वाचा ठरतो.

आबा कऱ्हाडला एका अडत दुकानात दिवाणजी होते. गुळाच्या रव्यांचे हिशेब तोंडी करायचे. पहाटे पाचला उठवायचे. तोंड धुतल्याशिवाय बोलायचं नाही. दिवेलागणीला जो जिथं असेल तिथून घरात. शुभंकरोती, मग पाढे. ताटात वाढलेलं संपवायचं. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. आणि नदीवर एकट्यानं जायचं नाही, कोणाबरोबर जायचं तर विचारून. नियम मोडला तर खुंटीवरचा वेत निघायचा. मी वेत खाल्ला तीनदा, दादानं मोजलेलं नाही, धाकट्यानं (तो सांगतो) चौदा वेळा. नऊ वर्षांच्या मुलानं मोजून ठेवले होते.

ताटाचा नियम कुठून आला हे आम्हाला माहीत होतं, कारण तो आमच्या डोळ्यांदेखत आला. 1972 च्या दुष्काळात आई आणि आजी दोघी खडी फोडायला जायच्या. रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो, म्हणजे लाल ज्वारी, मिळायची, कामावर सुकडी, म्हणजे कोरडं पौष्टिक खाणं, मिळायची. मिलोची भाकरी आम्हा मुलांच्या घशाखाली उतरायची नाही. त्या वर्षी आबांनी दादापुढं पहिल्यांदा ताट संध्याकाळपर्यंत ठेवलं. त्या ताटाबद्दल आमच्यापैकी कोणाच्याही मनात राग नाही, धाकट्याच्याही नाही. भूक सगळ्यांनी पाहिली होती, त्यामुळं नियमामागचं कारण समोर दिसत होतं.

नदीच्या नियमाचं कारण मात्र कोणी सांगितलं नव्हतं. ते मला आत्ता, वयाच्या 59 व्या वर्षी, आत्याकडून कळलं. धाकट्याच्या जन्माच्या आदल्या वर्षी गावची दोन मुलं खालच्या डोहात बुडून गेली होती. गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हे ठाऊक होतं. "मग आम्हाला का नाही सांगितलं?" असं विचारलं तर आत्या म्हणाली, "पोरांना कारण सांगितलं की पोरं हुज्जत घालत्यात. नाही म्हटलं की नाही." आत्या 84 वर्षांची आहे आणि आजही तिला यात काही वावगं वाटत नाही.

किती दिवस?

माझा पहिला प्रश्न होता, काटा पायात किती दिवस होता. दादा म्हणाला दोन. आत्या म्हणाली, "दोन-तीन असंल." मला चार वाटत होते. धाकटा म्हणाला, "सहा."

आईच्या ट्रंकेत सगळे कागद असतात. त्यात सरकारी दवाखान्याचा केसपेपर सापडला, घडीवर फाटलेला. दाखल तारीख 15 मे 1978, सोमवार. धाकटा नदीवर गेला तो दिवस मंगळवार असणार हे नक्की, कारण मंगळवारी आबा बाजाराला जायचे आणि मुलांना घरातून सटकता यायचं तो आठवड्यातला एकच दिवस होता. मंगळवार ते सोमवार. धाकट्याचा आकडा बरोबर निघाला.

काटा बाभळीचा होता, तळपायात शिरून आत मोडलेला. आमच्याकडं काट्याचं काही नवल नव्हतं. आजी सुईनं काटा टोकरून काढायची, मग बिब्बा तापवून त्याचा चटका द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पोर खेळायला मोकळं व्हायचं. सुई पणतीच्या कोनाड्यात असायची, बिब्बे फडताळात. धाकट्याच्या अंथरुणापासून दहा पावलांवर उपाय होता. पण काटा दाखवायचा म्हणजे कुठं रुतला हे सांगणं आलं. बाभळी नदीकडच्या वाटेवरच होत्या.

या सहा दिवसांत तो काय करत होता, हे त्यानं मला सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत देते. "मी टाचेवर चालायचो. उठायचं ते सगळे उठून गेल्यावर. पंगतीत मांडी घालताना दुखरा पाय खाली घ्यायचो, म्हणजे सूज दिसायची नाही. त्या आठवड्यात आमरस होता. मांडीचा सगळा भार त्या पायावर. आबा माझ्या समोर बसले होते. मी तीन वाट्या रस खाल्ला, कारण कमी खाल्ला असता तर विचारलं असतं, बरं नाही का."

दादाला त्या पंगतीतला आमरस आठवतो. "धाकट्यानं त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त रस खाल्ला," असं तो हसत सांगतो. या वाक्याचा अर्थ त्याला माहीत नव्हता, मलाही नव्हता.

आईचं उत्तर

आई 81 वर्षांची आहे. तिला मी विचारलं, "तुला कधी कळलं?" मला वाटलं ती म्हणेल, ताप चढला तेव्हा. ती बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तिसऱ्या दिवशी."

तिसऱ्या दिवशी तिनं त्याला टाचेवर चालताना पाहिलं. तिनं विचारलं नाही. "विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. मग मला मामंजींना सांगावं लागलं असतं. नसतं सांगितलं आणि नंतर कळलं असतं, तर माझ्यामुळं पोरं बिघडली असं झालं असतं." मग तिनं काय केलं? रात्री सगळे झोपल्यावर आंबेहळद उगाळून त्याच्या तळपायाला लेप लावला आणि पहाटे पाचच्या आत ओल्या फडक्यानं पुसून काढला. तीन रात्री. तिला वाटत होतं तो झोपलाय.

तो जागा होता. त्यानंही सांगितलं नाही.

47 वर्षं मायलेकांनी एकमेकांना हे सांगितलेलं नव्हतं. दोघांच्याही उत्तरात ते वेगवेगळं आलं, आणि वहीत दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचताना मला पुढं लिहिता आलं नाही. आम्ही ज्याला मुलांवरचा धाक म्हणतो तो मुलांपाशी थांबत नव्हता. आई तेव्हा 34 वर्षांची होती, तीन लेकरांची माय, आणि लेकराच्या पायाला औषध लावायला तिला अंधार लागत होता. लेप वरून लावून आत मोडलेला काटा निघत नाही. सातव्या दिवशी सकाळी धाकट्याला उठवलं तर तो तापानं फणफणला होता आणि पाय घोट्यापर्यंत तटतटलेला.

दवाखान्यातला प्रश्न

कऱ्हाडला पाय कापून पू काढावा लागला. अकरा दिवस तो तिथं होता. जखम खोल गेली होती, उजव्या पायाची दोन बोटं आजही पुरती वळत नाहीत. चपलेचा अंगठा त्याला धरता येत नाही, म्हणून तो बारा महिने मागं पट्टा असलेली सँडल वापरतो. घरात आलेल्या सुनांना हे फक्त त्याच्या आवडीचं वाटत होतं.

आबांनी या वेळी वेत काढला नाही. दादाच्या गोष्टीचा शेवट नेहमी हाच असतो : "आबा मनानं मऊ होते, दवाखान्यातून आल्यावर एक शब्द बोलले नाहीत." हे खरं आहे. ते एक शब्द बोलले नाहीत, आणि पुढंही कधी बोलले नाहीत.

धाकट्याला आठवतं ते दवाखान्यातलं. खाटेजवळ आबा आले, टोपी हातात घेतलेली, आणि पहिलं वाक्य विचारलं, "नदीवर गेला होतास का?" तो म्हणाला, "नाही." पाय चिरलेला, त्यात पट्टी कोंबलेली, आणि तो म्हणाला, गोठ्यामागं रुतला. त्यानंतरची सगळी वर्षं त्याच्या मनात हे राहिलं की मी मरता मरता वाचलो आणि आबांना पडली होती ती नियमाची.

आत्या तेव्हा खाटेशी होती. तिच्या उत्तरात हाच प्रश्न आहे, पण त्याच्या आधीचं एक वाक्यही आहे. डॉक्टरांनी आबांना बाजूला घेऊन विचारलं होतं, काटा कुठं लागला, शेणामातीत की वाळूत, धनुर्वाताचं बघावं लागेल. आबा खाटेकडं आले ते हे विचारायला. "त्यांचा हात कापत होता," आत्या म्हणाली. "टोपी काढून हातात धरली होती ती कापरं दिसू नये म्हणून."

विचारणारा घाबरून विचारत होता आणि ऐकणाऱ्याला त्यात चौकशी ऐकू आली. आबांना दोष देऊन मला मोकळं होता येत नाही. पण मुलाला चौकशीच ऐकू यावी, अशी तयारी त्यांनीच नऊ वर्षं करून घेतली होती. चौदा वेतांनंतर त्या आवाजातली काळजी ओळखायला त्या मुलानं शिकावं तरी कुठं? आणि तो खोटं बोलला ते डॉक्टरांच्या कामाच्या प्रश्नावर. इंजेक्शन तरीही दिलं गेलं म्हणून निभावलं.

"काळच तसा होता"

दादाचं आणि आत्याचं हे म्हणणं आहे, आणि आमच्या पिढीतल्या बहुतेकांचं असतं. ते निम्मं खरं आहे. बाप मुंबईला, घरात अकरा माणसं, एका पगारावर आणि मनिऑर्डरीवर सगळं, एक मूल आजारी पडलं तर महिन्याचा हिशेब कोलमडणार. अशा घरात आज्ञा ऐकणं म्हणजे जीव वाचवणंही होतं. डोह खराच होता.

पण काळ एकच नव्हता. याच महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि पुढं अनुताई वाघांबरोबर कोसबाडला आदिवासी मुलांना शिकवलं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला तो 1926 मध्ये. मारावाचून आणि भीतीवाचून मूल शिकतं, हे ते सगळे हयातभर सांगत होते. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं. आमच्या गावापर्यंत ते पोचलं नाही एवढंच. धाकट्याचा पाय कापला त्याच्या पुढच्याच वर्षी, 1979 मध्ये, स्वीडननं आईवडिलांनी मुलांना मारण्यावर कायद्यानं बंदी घातली. असा कायदा करणारा तो पहिला देश.

आपल्याकडं शाळेतली छडी थांबली ती शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं, 1 एप्रिल 2010 पासून. घरातल्या माराला थेट नाव घेऊन बंदी करणारा कायदा आजही नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून अहवाल काढला होता. दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं, आणि घरात मार खाणाऱ्यांत बहुतेकांना मारणारे आईवडीलच होते. म्हणजे आमच्या पंगतीतली ती गोष्ट जुन्या काळाची नव्हती.

मला माझंही लिहायला हवं. 1988 ते 2010 मी वर्गात पट्टी वापरली. आबांचा वेत मी तीनदा खाल्ला होता, तरी वापरली. केंद्र संमेलनात 17 वं कलम वाचून दाखवलं तेव्हा आम्ही शिक्षक चिडलो होतो, आता वर्ग धरायचा कसा म्हणून. मी पट्टी कपाटात ठेवली. दोन-तीन महिने वर्गात गोंगाट होता. मग एक बदल झाला, जो मला अपेक्षित नव्हता. मुलं येऊन सांगायला लागली. "बाई, माझ्याकडनं काच फुटली." "बाई, ह्याला खेळताना लागलंय, तो सांगत नाही." आधीच्या 22 वर्षांत काचा फुटल्या नव्हत्या असं नाही. त्या 22 वर्षांत माझ्यापासून कोणी काय काय लपवलं असेल, ते आता मला कधीच कळणार नाही.

पाढे

दादाचा एक मुद्दा मी खोडू शकत नाही, आणि खोडायचाही नाही. तो म्हणतो, आबांनी पाढे करून घेतले म्हणून आपण तिघंही शिकलो. हे खरं आहे. नुसते साधे पाढे नव्हेत, अपूर्णांकांचेही : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. 1957 मध्ये दशमान नाणी आली, आणे-पै गेले, शाळेतून हे पाढे मागं पडले, तरी आबा घ्यायचे. आजही बाजारात साडेसतरा किलोचा भाव मी यंत्र काढायच्या आत सांगते.

पण ते शिकवले कसे, हे मी चौघांनाही विचारलं. यावर पहिल्यांदाच चौघांचं उत्तर एक आलं. ओसरीवर बंगईवर आबा बसायचे, एकेकाला शेजारी घ्यायचे, पायानं झोका द्यायचे आणि झोक्याच्या ठेक्यावर पाढा चालायचा. चुकलं की झोका थांबायचा. बरोबर आलं की पुन्हा सुरू. पाढ्यासाठी वेत कधीच निघाला नाही. आम्ही आयुष्यभर जे मिरवलं ते वेताशिवाय आलेलं आहे, आणि वेतानं जे थांबवायचं होतं ते नदीवर जाणं काही थांबलं नाही. दादाला मी हे वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "झोक्याचा असा विचार मी केलाच नव्हता."

धाकट्याचं मात्र उलटं झालं. त्यानं आपल्या दोन्ही मुलांवर कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. त्याची मुलगी, आता 24 वर्षांची, मला म्हणाली, "आत्या, बाबांनी कधी नाही म्हटलंच नाही. दहावीनंतर मी काय घ्यावं, हेसुद्धा नाही. मला कधी कधी वाटायचं यांना माझं काही पडलंय की नाही." मी हे धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला, "अक्का, मला नाही म्हणायची भीती वाटते. नाही म्हटलं की पोर लपवायला लागेल असं वाटतं." आबांचा वेत दुसऱ्या टोकानंही घरात शिल्लक राहिला होता. मला वाटतं झोका थांबवणं आणि वेत काढणं यांत फरक आहे हे त्याला कोणी दाखवलंच नाही.

दादाची कोरी जागा

दादाच्या वहीतल्या उत्तरांत एक प्रश्न कोरा होता : "त्या मंगळवारी तू कुठं होतास?" दोनदा विचारलं, दोनदा त्यानं विषय बदलला. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही.

दिवाळीत सगळे पुन्हा जमले. भाऊबीजेला दुपारी धाकटा ओसरीवर बसला होता, सँडल काढलेली. दादाचा नातू शेजारी येऊन बसला आणि त्यानं बोटं पाहिली. धाकट्यानं त्याला काट्याची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा त्यानं स्वतः सांगितली. त्यात लंगडी खेळणं नव्हतं. सहा दिवस होते, आमरस होता, रात्रीचा लेप होता. आई दारात बसून ऐकत होती.

नातवानं विचारलं, "मग छोटे आजोबा, तुम्ही सांगितलं का नाही?"

धाकटा उत्तर द्यायला तोंड उघडणार तेवढ्यात मागून दादा बोलला. तो कधी येऊन उभा राहिला कळलं नाही.

"मी सांगू दिलं नाही. नदीवर मीच नेलं होतं त्याला. येताना शपथ घातली होती, मेलास तरी सांगायचं नाही म्हणून. मी चौदा वर्षांचा होतो, आबा मला सोडणार नव्हते." मग तो बंगईवर धाकट्याच्या शेजारी बसला. "त्यानं सांगितलं नाही. दवाखान्यात पण नाही."

धाकटा म्हणाला, "तू शपथ घातली होतीस, दादा."